मताग्रह आणि मेंदू

मनुष्य आपलें मत कां सोडीत नाहीं, हा प्रश्न आजवर नीतिवेत्त्यांच्या आणि कीर्तनकारांच्या वांट्यास आलेला होता. आतां मज्जाशास्त्रानें त्यांत हात घातला आहे. केंब्रिज येथें संशोधन केलेल्या लिओर झ्मिग्रॉड यांचा 'द आयडिऑलॉजिकल ब्रेन' हा २०२५ सालीं प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ याच विषयावर आहे. ग्रंथ वाचनीय आहे. परंतु त्यांतील सिद्धान्त आपल्याकडील अनुभवाच्या कसोटीस कितपत उतरतो, हें पाहणें आम्हांस अधिक अगत्याचें वाटतें.

ग्रंथाच्या पायाशीं पत्त्यांची एक परीक्षा आहे. पत्ते कोणत्या नियमानें लावावयाचे हें परीक्षार्थी स्वतः शोधून काढतो. तो नियम अंगवळणी पडला न पडला तोंच परीक्षक तो न सांगतां बदलतो. कांहीं जण नवी रीत चटकन् उचलतात, कांहीं जुनीलाच चिकटून चुका करीत राहतात. हे दुसऱ्या वर्गांतील लोक धर्म व राजकारण यांतही सरासरीनें अधिक हटवादी असतात, आणि हा हट्ट डाव्या व उजव्या दोन्ही टोकांस आढळतो, असें लेखिकेचें प्रतिपादन आहे. तें पुराव्यावर उभें असल्यानें आदरास पात्र आहे.

तथापि आम्ही मंगळवार पेठेंत राहणारे. येथून पायीं जातां येईल अशा पंचगंगेच्या घाटाशीं ज्याचा आरंभ निगडित आहे, तें वेदोक्त प्रकरण आम्हांस सहजच आठवतें. १८९९ सालीं कार्तिकस्नानाच्या वेळीं शाहू छत्रपतींसाठीं उपाध्याय वेदोक्त मंत्रांऐवजीं पुराणोक्त मंत्र म्हणत आहेत, हें राजारामशास्त्री भागवत यांनीं निदर्शनास आणिलें. पुढें राजोपाध्यांनीं वेदोक्ताचा अधिकार नाकारला व १९०२ सालीं त्यांचीं इनामें जप्त झालीं. मध्यंतरीं, १९०१ सालीं, लोकमान्य टिळकांनीं 'केसरी'तून छत्रपतींच्या मागणीविरुद्ध लेखणी चालविली होती.

लोकमान्यांची बुद्धि ताठर होती असें कोण म्हणेल? १८९३ सालच्या 'ओरायन'मध्यें त्यांनीं वेदांचा काळ ज्योतिषाच्या आधारें नव्यानें मांडला. १९०३ सालीं आर्यांचें मूलस्थान उत्तर ध्रुवाकडे नेऊन ठेविलें. पत्त्यांचा नियम बदलल्याचें असा पुरुष सर्वांआधीं ओळखता! परंतु वेदमंत्र कोणाच्या घरीं म्हणावे, या प्रश्नाशीं येतांच तीच बुद्धि अडली. उलट भागवतशास्त्रीही ब्राह्मणच, त्याच संस्कृत विद्येंत मुरलेले; त्यांचा कौल मात्र निराळा पडला.

या कोड्यावर जोनास कॅप्लन व त्यांचे सहकारी यांचा २०१६ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग अधिक प्रकाश टाकतो. त्यांनीं ४० उदारमतवादी व्यक्तींपुढें त्यांच्याच मतांविरुद्धचीं विधानें ठेविलीं. विजेचा दिवा एडिसननें शोधिला, असल्या समजुतींच्या बाबतींत लोक बरेच नमले. राजकीय मतांच्या बाबतींत फारसे नमले नाहींत, आणि त्या वेळीं आत्मभानाशीं संबंधित असे मेंदूचे भाग अधिक जागृत झाले. प्रयोग लहान व एकाच पक्षाच्या लोकांवर केलेला आहे, हें खरें. पण त्यांतून निघणारा अर्थ आमच्या इतिहासाशीं जुळतो. ताठरपणा डोक्यांत सर्वत्र सारखा पसरलेला नसतो. जेथें स्वत्व, मान आणि वृत्ति पणास लागतात, तेथें तो गोळा होतो. राजोपाध्यांचा प्रश्न केवळ मंत्रांचा नव्हता, प्रतिष्ठेचा व इनामाचाही होता.

हा भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो, याचें कारण व्यावहारिक आहे. मेंदूची घडण कारण कीं परिणाम, हें अद्याप ठरावयाचें आहे, ही मर्यादा लेखिकेला मान्य आहे. घाईचा वाचक मात्र ती विसरेल. प्रतिपक्षाचा मेंदूच सदोष आहे असें एकदां ठरविलें, कीं त्याच्याशीं वाद करण्याचें प्रयोजन उरत नाहीं. वाद संपतो तेथें काय सुरू होतें, हें कोल्हापुरास सांगावयास नको. 'शिवाजी कोण होता?' या पुस्तिकेचे कर्ते गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजीं याच शहरांत गोळ्या झाडण्यांत आल्या व चार दिवसांनीं त्यांचें निधन झालें.

ग्रंथ अवश्य वाचावा, अशी आमची शिफारस आहे. मात्र वाचतांना शेजाऱ्याचा मेंदू तपासूं नये. कोणत्या प्रश्नाशीं येतांच आपली स्वतःची बुद्धि अडते, तेवढें टिपून ठेवावें.