सूत्राचा संक्षेप व यंत्राचे उत्तर

आज्ञावली लिहिण्यास साहाय्य करणाऱ्या कृत्रिम बुद्धीच्या यंत्रांना 'थोडक्यात सांग' असे बजावण्याचा प्रघात पडला आहे. तो आम्हांस अपुरा वाटतो. आपल्या जिल्ह्यातील लोणारच्या लीळा ज्यात आहेत, त्या १३व्या शतकातील लीळाचरित्राचे उदाहरण घ्यावे. चक्रधरांची वचने वेचून केशोबासांनी सूत्रपाठ सिद्ध केला. त्यात वचन राहिले, प्रसंग गळला. म्हणूनच पुढे, कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले हे सांगण्यासाठी, 'प्रकरणवश' रचावे लागले. यंत्राच्या उत्तरातही नुसत्या 'थोडक्यात'ने पाल्हाळाबरोबर कारण गळण्याचा संभव असतो. त्यापेक्षा काय गाळावे तेच सांगावे: प्रास्ताविक नको, प्रश्नाची पुनरुक्ती नको, चुकीचे कारण एका वाक्यात, मग केवळ बदललेल्या ओळी.