शेडकार्डाचे रसग्रहण

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. साहित्याशी माझा संबंध खातेवहीपुरता. पण महाडच्या आमच्या घराला दिवाळीपूर्वी रंग काढायचे ठरले, शेडकार्ड नावाचा काव्यसंग्रह हाती आला आणि टीकाकार होणे भाग पडले. सौ.चे मत मोतिया, माझे विटकरी.

संग्रहात पिवळ्याला पिवळा म्हणायचे नाही, असा दंडक दिसतो. एकटा पांढरा चौदा नावांनी हिंडतो. अशी खाती आम्ही बँकेत उघडू देत नाही. चित्रांतली माणसे नुसती सोफ्यावर बसून हसतात. आर. के. लक्ष्मणांनी १९५४ साली एशियन पेंट्ससाठी काढलेला गट्टू बरा. त्याच्या हातात निदान ब्रश तरी होता! वडिलांच्या वेळी तर चुना, त्यात चिमूटभर नीळ, खाली गेरूचा पट्टा. मतभेदाला जागाच नव्हती.

मुख्य दोष आकाराचा. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकोनावरून अख्खी भिंत कशी ओळखायची? तिकिटावर सौम्य दिसणारा रंग भिंतीवर चढला की गडद होतो. पावसाळ्यात चार महिने आमच्या माजघरात भरदुपारी दिवा लागतो; तिथे मोतिया उजेड परत देतो, विटकरी गिळून बसतो. हे मला मान्य आहे. पण मोतिया पडला वास्तववादी. तो काहीच झाकत नाही.

आणि झाकायचे तर होते. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीने आमच्या भिंतीला स्वतःच एक हात दिला होता, साडेचार फुटांपर्यंत, प्रायमरशिवाय. गाळ धुतला, चुना मारला, तरी रेघ वर येतेच. म्हणून मी खाली विटकरी ऑइलपेंट सुचवला. रंगारी म्हणाला, "साहेब, भिंतीत ओल आहे. ऑइलपेंट तिला कोंडेल. फुगे येतील, मग पोपडे."

पोलादपूरचा मेव्हणा दर पावसाळ्यात फोन करतो, "भावोजी, नदी वाढलीय हां!" पूर्वी तो शेवटी, "विका ते घर, या इकडे," असेही म्हणे. त्याच दिवशी त्याच्या तालुक्यातही दरडींनी माणसे नेली. तेव्हापासून तो हे म्हणत नाही. आम्हीही विचारत नाही.

"अहो, भिंत रंगवायचीय की रेघ पुसायचीय?" सौ.ने विचारले. मी शेडकार्ड मिटले.

मोतियाचे दोन हात झाले. दुसरा सुरू होण्यापूर्वी ती रंगाऱ्याला म्हणाली, "दाराआडची ती वीतभर जागा तशीच ठेवा. रेघ दिसू दे. पुढच्या खेपेला सामान किती उंच चढवायचं ते कळायला नको?"

रंगाऱ्याने बिलातून ती वीत वजा केलेली नाही. हे मी टीकाकार म्हणून नव्हे, कारकून म्हणून नोंदवतो.