पडद्यानुरूप पाठ आणि मराठी मजकूर : ई-अध्ययन आज्ञावलींच्या निवडीचा विचार

बीजसंज्ञा : ई-अध्ययन, पाठबांधणी, पडद्यानुरूप रचना, युनिकोड देवनागरी

प्रास्ताविक

महाविद्यालयीन अध्यापकाने आपला पाठ स्वतः बांधून आंतरजालावर ठेवावा, ही अपेक्षा आता नवी राहिलेली नाही. माहिती व संचार तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान २००९ मध्ये सुरू झाले. ‘स्वयम्’ हे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये खुले झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम या मार्गाने पूर्ण करण्याची मुभा दिली. या साऱ्या धावपळीत एक निर्णय मात्र बहुधा घाईने उरकला जातो. पाठ कोणत्या आज्ञावलीत बांधावयाचा, हे विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकावरून किंवा शेजारच्या महाविद्यालयाने काय घेतले यावरून ठरते.

प्रात्यक्षिक मोठ्या पडद्यावर होते आणि पाठ वाचला जातो लहान पडद्यावर, ही यातील पहिली अडचण होय. मुंबईच्या उपनगरातील मरोळचे उदाहरण घ्यावे. एका बाजूस औद्योगिक वसाहत, लगतच १९७३ मध्ये स्थापन झालेले सीप्झ, आणि मरोळ नाक्यावर मेट्रोच्या दोन मार्गिकांची अदलाबदल. अशा परिसरात दिवसा नोकरी करून पदवीचा अभ्यास करणारा विद्यार्थी गाडीत उभ्याने, एका हातात भ्रमणध्वनी धरून वाचतो. पाठबांधणीच्या आज्ञावलीचे मूल्यमापन त्या हातातल्या पडद्यावर व्हावयास हवे.

एका शब्दाखाली दोन गोष्टी

‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ ही संज्ञा ईथन मार्कॉट यांनी मे २०१० मध्ये रूढ केली. पडद्याची रुंदी बदलली की मजकूर, चित्रे व स्तंभ यांनी आपली मांडणी बदलावी, हा तिचा मूळ आशय. आज प्रत्येक आज्ञावलीच्या माहितीपत्रकात हा शब्द असतो. पण त्याखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी खपविल्या जातात.

पहिली म्हणजे सरकपट्टीचे आकुंचन. आर्टिक्युलेट स्टोरीलाइनमध्ये पाठ स्लाइडवर बांधला जातो. भ्रमणध्वनीवर तिच्या भोवतीची बटणे व अनुक्रमणिका जागा बदलतात, परंतु स्लाइड जशीच्या तशी लहान होते. येथे गणित साधे आहे. समजा, स्लाइड ७२० बिंदू रुंद आहे. उभ्या धरलेल्या भ्रमणध्वनीवर ३६० बिंदूंची रुंदी मिळाली, तर १६ मापाचे अक्षर ८ मापाचे होते. दुसरी गोष्ट म्हणजे मजकुराचा प्रवाह. त्याच कंपनीचे २०१६ चे राइज, न्यूझीलंडमध्ये जन्मून पुढे स्पेनमध्ये वाढलेले ईएक्सइलर्निंग किंवा अडॅप्ट हे मुक्त साधन, यांत अक्षराचे माप कायम राहते आणि ओळी नव्याने पडतात. अडोबी कॅप्टिव्हेटने २०१७ मध्ये ‘फ्लुइड बॉक्स’ आणून या दोहोंच्या मधला मार्ग शोधला; पण त्यात प्रत्येक चौकट वेगवेगळ्या रुंदीला तपासत बसण्याचे काम अध्यापकाच्याच माथी येते.

सरकपट्टीची ही कल्पना संगणकाने आणलेली नव्हे. ती फळ्यावरून पारदर्शिकेकडे, पारदर्शिकेवरून पॉवरपॉइंटकडे आली. म्हणूनच ती अध्यापकाला जवळची वाटते.

देवनागरीची कसोटी

रोमन अक्षर अर्ध्या मापावर कसेबसे वाचता येते. देवनागरीचे तसे नाही. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार. खाली उकार आणि जोडाक्षरांचा पसारा. माप घटले की सर्वप्रथम हीच चिन्हे एकमेकांत मिसळतात. ‘मोडी’ आणि ‘मोंडी’ यांतील फरक एका टिंबाचा असतो, आणि शास्त्रविषयात असा फरक क्षुल्लक नसतो. शिवाय इंग्रजीसाठी ठरविलेले दोन ओळींमधील अंतर मराठीला अपुरे पडते. वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला जाऊन भिडतो. ओळींतील अंतर वाढविण्याची सोय आज्ञावलीत आहे की नाही, हा प्रश्न यादीत वरचा असावयास हवा.

दुसरा प्रश्न सांकेतिक लिपीचा. अनेक अध्यापकांच्या जुन्या टिपणांची अक्षरजुळणी श्रीलिपी, आकृती वा शिवाजी यांसारख्या टंकांत झालेली आहे. जुन्या पद्धतीच्या त्या टंकांत पडद्यावर देवनागरी दिसली, तरी आत साठविलेली चिन्हे रोमन असतात. टंक नसलेल्या भ्रमणध्वनीवर त्या मजकुराची केवळ रोमन खिचडी उरते. यावरचा सर्रास उपाय म्हणजे मजकुराचे चित्र काढून ते पाठात डकविणे. त्या क्षणी पडद्यानुरूपता संपते, शोध घेणे संपते आणि अंध विद्यार्थ्याच्या वाचक-आज्ञावलीला तो परिच्छेद मुकाच राहतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मगच आज्ञावलीची निवड, हा क्रम टाळता येत नाही.

युनिकोडनेही सर्व प्रश्न सुटत नाहीत. ‘दऱ्याखोऱ्यांतील वाऱ्याचे शास्त्र’ एवढे शब्द आज्ञावलीत टंकून पाहावेत. मराठीचा हा अर्धा र नीट उमटला नाही, तर पुढची चर्चा करण्याचे कारण नाही. तीच गोष्ट ‘ल’ आणि ‘श’ यांची. युनिकोडमध्ये मराठी व हिंदी यांना एकच सांकेतिक क्रमांक असल्याने मराठी वळण हवे असेल, तर टंकात ते असावे लागते आणि पृष्ठावर ‘एमआर’ ही भाषाखूण असावी लागते. टंकांची उणीव आज मोठी नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्ता’ सर्वांना मोफत उपलब्ध आहे. भाषाखूण बदलता येते का, हे मात्र विक्रेत्यास विचारावेच लागते, आणि त्याचे उत्तर सहसा तयार नसते.

प्रवाहाची मर्यादा

प्रवाही मजकूर सर्वत्र इष्ट, असेही म्हणता येत नाही. मराठीच्या अध्यापकाने वृत्त शिकविताना याचा अनुभव घ्यावा. शार्दूलविक्रीडिताच्या चरणात १९ अक्षरे, यती बाराव्या अक्षरावर. अरुंद पडद्यावर आज्ञावली हा चरण जागा संपेल तेथे तोडते. यती कोठे आणि चरणान्त कोठे, हे विद्यार्थ्यास कळत नाही. यतीवर हाताने ओळ मोडली, तर रुंद पडद्यावर एका चरणाचे दोन दिसतात. यावर उपाय आहे : मोडून खाली आलेला भाग थोडा आत सरकविणे. परंतु पृष्ठाच्या शैलीनियमांत हात घालू देणाऱ्या आज्ञावलींतच तो साधतो. ईएक्सइलर्निंग व अडॅप्ट येथे उजवे ठरतात. राइजची देखणी, बंदिस्त रचना येथे उणी पडते.

शरीररचनेची आकृती, विद्युत्-मंडल, नकाशा यांबाबतही हेच. त्यांतील अवयवांचे परस्पर स्थान हाच अर्थ असतो. तेथे आकुंचन पत्करावे व आकृती मोठी करून पाहण्याची सोय द्यावी.

पाठाचे आयुष्य

आज्ञावलीपेक्षा पाठ अधिक काळ टिकावयास हवा, ही अपेक्षा वावगी नव्हे. तसे घडत नाही. आयफोनने २००७ पासूनच फ्लॅशला जागा दिली नव्हती. अडोबीने भ्रमणध्वनीवरील फ्लॅशचा विकास नोव्हेंबर २०११ मध्ये थांबविला आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार पूर्णतः काढून घेतला. मरोळपासून काही किलोमीटरवर असलेल्या पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ‘ऑस्कर’ या प्रकल्पात अभियांत्रिकी व विज्ञानाच्या संकल्पनांची मुक्त सजीवचित्रे तयार झाली, ती फ्लॅश व जावा यांच्या आधारे. त्या काळी हा निर्णय योग्यच होता. तथापि आजच्या न्याहाळकात फ्लॅशचा पाठ चालत नाही, मग त्यातील अध्यापन कितीही उत्तम असो. पुण्याच्या हार्बिंजर समूहाच्या रॅप्टिव्हिटीलाही फ्लॅशवरून एचटीएमएल ५ कडे वळावे लागले. कॅप्टिव्हेटची नवी आवृत्ती २०२३ मध्ये आली, तेव्हा जुन्या आवृत्तीतील प्रकल्प तीत उघडत नव्हते.

त्याच पवईच्या संस्थेतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे उदाहरण याच्या उलट आहे. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली आकारास आलेल्या या प्रकल्पात प्रत्येक पाठाची संहिता आधी लिहिली जाते : एका स्तंभात पडद्यावर काय दिसेल, दुसऱ्यात काय बोलले जाईल. संहिता ध्वनिचित्रफितीपासून स्वतंत्र असल्यानेच मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनी बदलणे शक्य झाले. फीत हे माध्यम पडद्यानुरूप नव्हे, त्यातील आज्ञांची अक्षरे भ्रमणध्वनीवर बारीकच दिसतात. पण उद्या माध्यम बदलले तरी संहिता हाती राहते.

या दृष्टीने पाहता खरा भेद सशुल्क व मोफत असा नाही. मूळ पाठ कोणाकडे राहतो, हा आहे. राइजमधील मूळ पाठ कंपनीच्या संगणकावर असतो. वर्गणी थांबली की तयार झालेला पाठ चालतो, पण त्यातील एक चुकलेली वेलांटी सुधारता येत नाही. एचफाइव्हपीची धारिका म्हणजे एक साधी झिप. ती उघडली की आतला मजकूर वाचता येतो. महाविद्यालयाच्या आर्थिक वर्षात वर्गणीचे नूतनीकरण वेळेवर होईलच, असे कोणता प्राचार्य खात्रीने सांगू शकेल?

निवडीचा कल

पदवी स्तरावरील मराठी माध्यमाच्या, प्रामुख्याने मजकूरप्रधान पाठासाठी ईएक्सइलर्निंगला प्रथम पसंती द्यावी. त्यातून संकेतस्थळ, स्कॉर्म आणि ईपब या तिन्ही रूपांत पाठ बाहेर काढता येतो व तो जालजोडणीविना वाचता येतो. त्याचे रूप साधे, काहीसे जुनाट वाटते, हे खरे. मूडल वापरणाऱ्या महाविद्यालयांनी स्वाध्यायांसाठी एचफाइव्हपी जोडावे. स्टोरीलाइनचा खर्च प्रयोगशाळेतील उपकरण हाताळण्याच्या सरावापुरता समर्थनीय ठरतो, कारण तेथील तिची ताकद अन्यत्र सहज मिळत नाही.

एचफाइव्हपीबाबत मात्र सावधगिरी हवी. त्याच्या ‘कोर्स प्रेझेंटेशन’ या प्रकारात सरकपट्टी मागील दाराने पुन्हा येते आणि ‘ड्रॅग अँड ड्रॉप’मधील जागा पार्श्वचित्राला खिळलेल्या असल्याने भ्रमणध्वनीवर बोटाखाली दोन पर्याय सापडतात. ‘इंटरॅक्टिव्ह बुक’ हा प्रकार त्यापेक्षा प्रवाही आहे. बटणांवरील इंग्रजी शब्द प्रत्येक घटकाच्या भाषांतर-रकान्यात बदलता येतात. ‘चेक’ऐवजी ‘तपासा’ लिहावे. ‘उत्तरपडताळणी करा’ असे लांबलचक लिहू नये.