पट, परंपरा आणि पराणी

मंडळी, आम्हाला विषय दिला होता 'खेळ आणि समाज'. एकोडीत येऊन आम्ही क्रिकेटवर बोललो असतो तर तुम्ही ऐकून घेतलं असतं, पण मनात म्हणाला असता, सर पटाचं का काही बोलत नाहीत? तेव्हा शंकरपटाबद्दलच बोलू.

झाडीपट्टीत पट म्हणजे नुसती बैलांची शर्यत नव्हे, हे तुम्हाला सांगायला नको. पटाच्या निमित्ताने लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरतं, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. दिवसा पट आणि रात्री नाटक, तेही पहाटेपर्यंत. वडशाच्या नाटक मंडळ्या अशाच गर्दीवर वाढल्या. 2023 साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, त्या मानाला या गावोगावच्या रात्रींचाही आधार आहे.

आता वादाकडे येऊ. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. 2017 मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, पण ती पुन्हा न्यायालयात अडकली. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. परंपरा आहे की नाही, या प्रश्नावर विधिमंडळाने काढलेला निष्कर्ष न्यायालयाने मान्य केला.

असंच ब्राझीलमध्येही घडलं. तिथल्या ईशान्य भागात 'वाकेजादा' नावाचा खेळ आहे. दोन घोडेस्वार बैलाच्या मागे लागतात आणि शेपूट ओढून त्याला पाडतात. ऑक्टोबर 2016 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता देणारा एका राज्याचा कायदा रद्द केला. मग 2017 मध्ये तिथल्या संसदेने थेट घटनाच दुरुस्त केली: सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदलेला खेळ नियमांत असेल, तर तो क्रूर मानायचा नाही.

बघा, बैलाचं दुखणं तेवढंच राहिलं, फक्त कागदावरचा शब्द बदलला. आमची हरकत इथे आहे. 'ही आमची परंपरा आहे' हे वाक्य काय चालत आलं ते सांगतं. ते चालू का ठेवावं, हे त्यातून निघत नाही. परंपरा म्हणून आम्ही पुष्कळ गोष्टी केल्या आणि त्यांतल्या काही सोडल्याही. सोडल्या म्हणून आम्ही आम्ही राहिलो नाही, असं काही झालं नाही.

पण शहरातल्या टीकाकारांशीही आमचं भांडण आहे. त्यांना बैल दिसतो, बैलवाला दिसत नाही. ट्रॅक्टर आल्यापासून गोठे रिकामे होत चालले. पटाची जोडी घरच्या पोरासारखी सांभाळणाऱ्या माणसाला सरसकट क्रूर म्हणणं हा आळस आहे.

मग निवाडा कसा करायचा? आमची कसोटी साधी आहे. एकेक गोष्ट बाजूला काढा आणि पट उरतो का ते बघा. पाहुणे काढा, नाटक काढा, जोडीची पारख काढा, तर पट उरत नाही. पराणी काढा. पट उरतो. थोडा हळू पळेल, एवढंच. नव्या नियमांतही पराणी, काठी, विजेचा झटका यांना मनाई आहे. म्हणजे खरा प्रश्न आता न्यायालयात राहिलेला नाही, तो धावपट्टीच्या कडेला उभ्या असलेल्या आपल्यापुढे आहे.

लहानपणी आम्ही वडिलांच्या खांद्यावर बसून पट पाहिला. जिंकलेल्या जोडीवर गुलाल उधळला होता. घरी येताना आम्ही वडिलांना विचारलं, बैलाच्या पुठ्ठ्यावर गुलाल होता की रक्त? वडील काही बोलले नाहीत. पुढे आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण त्या प्रश्नाइतका नेमका प्रश्न आम्हाला पुन्हा सुचला नाही.

आणखी एक. आम्ही पाहिलेल्या पटांत भोंग्यावर मालकाचं नाव यायचं. धुरकऱ्याचं क्वचित यायचं. आणि पहाटे उठून त्या जोडीला चारापाणी करणाऱ्या बाईचं तर कधीच नाही. परंपरेचा अभिमान धरायचाच असेल, तर यंदाच्या पटात एवढं करून बघा: पराणी घरी ठेवा आणि भोंग्यावर ही दोन नावंही घ्या. त्यासाठी कुठल्या न्यायालयाची परवानगी लागत नाही.

रात्री नाटक असेल तर आम्ही थांबू. नमस्कार.