गोकुळधाम झाडते कोण?

दूरदर्शनवरील मालिका हा आपल्या नियतकालिकांनी समीक्षेचा विषय मानलेला नाही. कविता, कादंबरी, आत्मकथन, फार तर नाटक, एवढ्यावरच आपण लिहितो. ज्या पडद्यासमोर बसून आपला समाज रोज रात्रीची भाकरी खातो, त्याविषयी लिहिताना मात्र आपल्याला कमीपणा वाटतो. मला ही भूमिका मान्य नाही. परभणी जिल्ह्यातल्या ज्या महाविद्यालयात मी मराठी शिकवतो, तिथे मर्ढेकर आपणहून वाचलेला विद्यार्थी शोधावा लागतो. जेठालाल कोण, हे न सांगता येणारा विद्यार्थी मला अद्याप भेटलेला नाही. जाणिवा जिथे घडतात तिथे समीक्षेने गेले पाहिजे, मग ती जागा कितीही उथळ असो.

'तारक मेहता का उल्टा चश्मा' ही मालिका २८ जुलै २००८ रोजी सब वाहिनीवर सुरू झाली. तारक मेहता या गुजराती विनोदकाराचे 'चित्रलेखा' साप्ताहिकातले १९७१ पासूनचे सदर हा तिचा आधार. चार हजारांहून अधिक भाग झाले आहेत. २०१९ मध्ये 'फक्त मराठी' वाहिनीने तिला 'गोकुळधामची दुनियादारी' या नावाने मराठी बोलायला लावले आणि ती आमच्या वस्त्यांतही अधिक सलगीने शिरली. चित्रीकरण मुंबईच्या चित्रनगरीत. गोकुळधाम नावाची एक सोसायटी, तिच्यात निरनिराळ्या प्रांतांची कुटुंबे, रोजची भांडणे आणि रोजचा समेट. हा छोटा भारत आहे, असे ती स्वतःविषयी सांगते.

या भारताची पाटी एकदा वाचली पाहिजे. गडा, मेहता, भिडे, अय्यर, सोढी, हाथी, पांडे. व्यापारी, लेखक, शिक्षक, शास्त्रज्ञ, गॅरेजमालक, डॉक्टर, पत्रकार. अब्दुल आहे, पण त्याचे दुकान आहे. सोसायटीत घर नाही. मराठी माणसाचे प्रतिनिधी म्हणून रत्नागिरीचे भिडे मास्तर नेमले आहेत. (याच रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव, पण तिथले आडनाव या पाटीवर लागण्याचा योग आलेला नाही.) प्रांत, भाषा, धर्म सगळे मोजून घेतले, जात तेवढी मोजायची राहिली. ती राहून गेली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. विषमतेचा उल्लेखच न करणे हा समरसतेचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. मला नोकरी लागली तेव्हा भाड्याच्या खोलीसाठी मी चार दारे वाजवली होती. चारही ठिकाणी पगाराआधी आडनाव विचारले गेले. त्यामुळे अशी पाटी वाचण्याची मला सवय आहे.

आता झाडूकडे येऊ. २ ऑक्टोबर २०१४ रोजी पंतप्रधानांनी स्वच्छ भारत मोहिमेसाठी ज्या नऊ जणांना पाचारण केले, त्यांत सचिन तेंडुलकर, सलमान खान अशा नावांबरोबर या मालिकेचा संपूर्ण चमूही होता. म्हणजे गोकुळधामच्या हाती राष्ट्राने झाडू दिला. मध्यमवर्गाने झाडू घेतला की ते देशकार्य होते आणि छायाचित्र निघते. पिढ्यानपिढ्या जे झाडतात, ज्यांना गटारात उतरवू नये म्हणून २०१३ मध्ये संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला आणि तरीही जे उतरवले जातात, मरतात, त्यांच्यातला एकही माणूस या सोसायटीच्या नेहमीच्या पात्रांत नाव घेऊन, घर घेऊन उभा नाही.

हा मुद्दा काल्पनिक नाही, याचा पुरावा पडद्यामागून आला. मे २०२१ मध्ये या मालिकेतल्या बबिताची भूमिका करणाऱ्या मुनमुन दत्ता यांनी सौंदर्यप्रसाधनाच्या एका चित्रफितीत, आपल्याला चांगले दिसायचे आहे, अमक्यासारखे नाही, असे म्हटले. त्या 'अमक्या'च्या जागी सफाई करणाऱ्या जातीचे नाव होते. तो शब्द मी येथे छापत नाही. गदारोळ झाल्यावर त्यांनी माफी मागितली. भाषेच्या अडचणीमुळे शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता, असे त्यांचे स्पष्टीकरण. हरियाणातील हांसी येथे आणि अन्यत्रही अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हे नोंदले गेले. व्यक्ती म्हणून त्यांना झोडपण्यात मला रस नाही. माझा प्रश्न त्या स्पष्टीकरणाविषयी आहे. अर्थ ठाऊक नसताना तो शब्द कुरूपतेच्या नेमक्या जागी कसा बसला? शब्दाचा अर्थ जिभेला शब्दकोशातून कळत नाही, घरातून आणि भोवतालातून कळतो. आणि ज्या गोकुळधामात त्या बारा-तेरा वर्षे वावरल्या, तिथे तो अर्थ खोडून काढणारे एकही शेजारी लेखकांनी त्यांना दिले नव्हते.

तुलनेसाठी दुसरी घटना पाहा. मार्च २०२० मध्ये चंपकलालच्या तोंडी, मुंबईची भाषा हिंदी आहे, अशा अर्थाचे वाक्य आले. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने डोळे वटारताच माफी आली. भाषेचा अवमान ताबडतोब दिसतो, कारण तिच्या पाठीशी संघटित ताकद उभी असते. अनुपस्थितीचा अवमान मात्र कोणाला दिसत नाही. जे पात्र लिहिलेच नाही त्याबद्दल माफी कोण मागणार?

मालिकेतला एक विनोद मला विशेष छळतो. जेठालालच्या दुकानातले म्हातारे नोकर नटूकाका वेळी-अवेळी विचारतात, माझा पगार कधी वाढणार? शेठ बगल देतात, प्रेक्षक हसतात. माझे वडील सालगडी होते. आमच्याकडे पाडव्याला साल ठरते. त्या दिवशी ओट्याखाली उभे राहून, मान खाली घालून, नेमका हाच प्रश्न ते विचारत, आणि मालकही अशीच बगल देई. फरक एवढाच, की आमच्या अंगणात कोणी हसत नसे. माझी आई आज नटूकाकांना पाहून पोटभर हसते. तिला मी काही बोलत नाही. पण हसवणाऱ्याने तिच्याकडून काय काढून घेतले, हे लिहिणे माझे काम आहे. तिची मजुरी ही तिची तक्रार होती. मालिकेने ती तिला गंमत म्हणून परत केली. नटूकाकांची भूमिका करणारे घनश्याम नायक ३ ऑक्टोबर २०२१ रोजी वारले. ते भवाईच्या परंपरेतून आलेले कलावंत. भवाईचा आद्य पुरुष असाईत ठाकर हा पाटीदाराच्या मुलीबरोबर एका ताटात जेवला म्हणून ब्राह्मण जातीने वाळीत टाकला, असे परंपरा सांगते. वाळीत पडलेल्याच्या कलेचा हा वारसदार आयुष्याच्या शेवटी पगारवाढ मागणारा विदूषक म्हणून घरोघर पोचला.

आणि पडद्यामागे पगाराचा प्रश्न विनोद राहिला नाही. शैलेश लोढा हे मालिकेतले तारक मेहता. जेठालाल त्यांना 'फायर ब्रिगेड' म्हणतो, कारण प्रत्येक आग तेच विझवतात. २०२२ मध्ये ते बाहेर पडले आणि स्वतःच्या थकलेल्या मानधनासाठी त्यांना राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचे दार वाजवावे लागले. २०२३ मध्ये तडजोड होऊन एक कोटीहून अधिक रुपये मिळाले. रोशन सोढीची भूमिका करणाऱ्या जेनिफर मिस्त्री बन्सीवाल यांनी २०२३ मध्ये निर्माते असितकुमार मोदी व अन्य दोघांवर लैंगिक छळाचा आरोप केला. आरोप निर्मात्यांनी फेटाळले आणि त्यांच्यावरच बेशिस्तीचा ठपका ठेवला. पवई पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. स्थानिक तक्रार समितीने आपल्या बाजूने निर्णय देऊन थकबाकी व पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितल्याचे त्यांनी २०२४ मध्ये जाहीर केले.

माझ्या मते या मालिकेची खरी संहिता इथे वाचायला मिळते. गोकुळधामात कोणताही तंटा सोसायटीच्या बैठकीत, नाही तर चंपकलालच्या उपदेशाने मिटतो. हक्क हा शब्द तिथे अशिष्ट आहे. तिथे सगळे 'परिवार' आहेत. गावगाड्याचेही असेच होते. वेठ करणाऱ्यालाही गाव आपला माणूसच म्हणे. बलुत्यात माया होती, असे सांगणारे लेखक अजून आहेत. पण त्या परिवारातल्या माणसांवर प्रत्यक्ष अन्याय झाल्याची वेळ आली, तेव्हा ती बैठकीत गेली नाहीत. एकाने दिवाळखोरी संहितेचा आधार घेतला, दुसरीने २०१३ च्या कायद्याचा, आणि बाहेरच्या अपमानित समाजाने १९८९ च्या. तिन्ही वाटा चंपकलालच्या नाहीत, संविधानाच्या आहेत.

कायद्याने सारे मिळते, असे परभणीचा माणूस म्हणणार नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी आमच्या रेल्वे स्थानकासमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्या मृत्यूचा गुन्हा नोंदवून घेण्यासाठी त्याच्या आईला औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावे लागले. तरीही ती खंडपीठातच गेली. गावातल्या वडीलधाऱ्यांकडे समेट मागायला गेली नाही.

आपल्यापैकी काहींचे म्हणणे असे, की आता आपल्याही मालिका येतात. २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर बाबासाहेबांवर मालिका आली, ती घराघरांत पाहिली गेली. खरे आहे, मीही पाहिली. पण प्रस्थापित पडदा आपल्याला महामानवापुरती जागा देतो, शेजाऱ्यापुरती देत नाही. महामानवाला हार घालता येतो. शेजाऱ्याला वाटीभर साखर द्यावी लागते, त्याची मुलगी आपल्या मुलाबरोबर गच्चीवर दिसली तर काय करायचे याचा विचार करावा लागतो. विनोदी लेखकाला यात केवढे तरी भांडवल आहे! भिडे मास्तरांच्या समोरच्या दारात रेल्वेत नोकरी करणारे एखादे कांबळे कुटुंब आणून बसवा आणि सोसायटीच्या गणपतीची वर्गणी मागायला मास्तरांना त्या दारात पाठवा. महिनाभराचे भाग निघतील. ते लिहायला धैर्य लागत नाही, निरीक्षण लागते. आमच्यातली जी मुले आज मुंबईत संवादलेखनाची कामे शोधत आहेत, त्यांनी हे दार ठोठवावे, असे मला वाटते.

दरम्यान ऑगस्ट २०२५ मध्ये गोकुळधामात एक नवे कुटुंब राहायला आले. वर्गात ही बातमी एका विद्यार्थ्याने मोठ्या उत्साहाने दिली. मी आडनाव विचारले. बिंजोला, राजस्थानचे, म्हणाला. जयपूरचे साड्यांचे व्यापारी.