‘स्त्रीपुरुषतुलने’तील देह आणि व्याधी

१

ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ मध्ये पुण्यास छापला गेला. लेखिका मात्र पुण्याची नव्हे, वऱ्हाडातील बुलढाण्याची. वडील बापूजी हरि शिंदे हे तेथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत मुख्य कारकून असून सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. लेखिकेचे शिक्षण शाळेत न होता घरीच झाले. निबंध प्रसिद्ध झाल्यावर त्याच्यावर टीका झाली. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात लेखिकेचा पक्ष घेतला, परंतु पुढे जवळजवळ नव्वद वर्षे हा ग्रंथ विस्मृतीत गेला. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये त्याचे पुनर्मुद्रण केले, आणि १९९४ मध्ये रोझलिंड ओ’हॅन्लन यांच्या इंग्रजी अनुवादामुळे तो महाराष्ट्राबाहेरच्या अभ्यासकांनाही उपलब्ध झाला.

तेव्हापासून आद्य स्त्रीवादी लेखन म्हणून या निबंधाचा गौरव होत आला आहे, आणि तो सर्वस्वी योग्यच आहे. परंतु गौरवाबरोबर एक सोयीची सवयही आली. निबंधाला वंदन केले जाते, त्याचा युक्तिवाद मात्र फारसा तपासला जात नाही. सामान्यतः असे समजले जाते की, स्त्री आणि पुरुष यांपैकी अधिक दोषी कोण, एवढाच येथे वाद आहे. म्हणजे हा नीतीचा निबंध होय. हे मत चूक नव्हे, अपुरे आहे. नीतीच्या या वादाखाली दुसरा एक वाद सतत चालू असतो, आणि तो देहाविषयीचा आहे. कोणाच्या देहाने काय सोसावे, कोणाची वेदना व्याधी म्हणून ओळखली जावी आणि कोणाची पाप म्हणून, हा त्यातील प्रश्न होय. प्रस्तुत विवेचन त्या प्रश्नापुरतेच मर्यादित आहे.

२

निबंधाचे निमित्त सर्वश्रुत आहे. १८८१ मध्ये सुरत येथे विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली; पुढे ती कमी करण्यात आली. या खटल्यावरून वृत्तपत्रांतून स्त्रीजातीच्या दुर्वर्तनाची चर्चा सुरू झाली, आणि ताराबाईंनी लेखणी उचलली.

न्यायालयापुढे या प्रकरणातील शेवटची कृती तेवढी होती. निबंधाचा युक्तिवाद मात्र शेवटाकडून आरंभाकडे जातो. या स्त्रीला पुनर्विवाहाची वाट कोणी बंद केली? तिला या अवस्थेस आणणारा पुरुष कोठे आहे? त्याचे नाव कोणत्या दप्तरात आले? या प्रश्नांचा नैतिक अर्थ उघड आहे. त्यांचा वैद्यकीय अर्थ तितकाच महत्त्वाचा असून त्याकडे सहसा लक्ष जात नाही. विधवेचे गरोदरपण हे लपविण्याचे गरोदरपण होते. तिने कोणास दुखणे सांगावयाचे नाही, सुईणीस बोलवावयाचे नाही, बाळंत व्हावयाचे ते अंधारात आणि एकटीने. औषध जवळ असूनही ते तिच्यासाठी नव्हते. कारण औषध मागणे म्हणजेच गुन्हा कबूल करणे होते. आरोग्यसेवेतील विषमता म्हटली की दवाखान्यांची संख्या आणि अंतरे यांचा विचार होतो. परंतु आजारी आहे असे उघडपणे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे, हा प्रश्न त्या हिशेबाच्या आधी येतो. सुरतेच्या खटल्यातून तोच पुढे येतो.

हा अर्थ निबंधावर लादलेला नाही, याची साक्ष समकालीन इतिहासच देतो. फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी तेथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे आणि मूल हवे तर तेथेच ठेवून जावे, अशी ती व्यवस्था होती. अशाच एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करीत असताना सावित्रीबाईंना मृत्यू आला. सुरतेचे अर्भक आणि पुण्याचा यशवंत यांच्या मातांच्या शीलात भेद करता येत नाही. भेद एवढाच की, एकीला बाळंत होण्यास जागा मिळाली आणि दुसरीला मिळाली नाही.

३

तुलना ही या निबंधाची केवळ मांडणी नव्हे, ती त्याची विचारपद्धती होय. एका संस्कृत श्लोकात स्त्रीवर ठेवलेले दोष लेखिका एकेक करून घेते आणि तोच मापदंड पुरुषाला लावून पाहते. या पद्धतीचे सर्वांत प्रखर उदाहरण मृत्यूविषयीचे आहे. नवरा मेला तर बायकोच्या वाट्याला केशवपन आणि अपशकुनीपणा येतो. बायको मेली तर नवऱ्याला दाढीमिशा काढून रानात जावे लागत नाही, त्याला दुसरी बायको मिळते. वादाची ही खुबी पुष्कळांनी वाखाणली आहे. परंतु येथे केवळ शिक्षेतील अन्याय दाखविलेला नाही. मृत्यू एकच असता, मरणारा पुरुष असेल तर त्याचे कारण पत्नीच्या दैवात शोधावयाचे आणि मरणारी स्त्री असेल तर कारण शोधावयाचेच नाही, असा हा प्रकार आहे. वैद्याच्या भाषेत बोलावयाचे तर हे चुकीचे निदान आहे, आणि त्या निदानाबरोबर एक उपचारही ठरलेला आहे. एकभुक्त राहणे, अंधारी खोली, जाडेभरडे वस्त्र, मंगलकार्यातून बहिष्कार हा तो उपचार. तो ज्या देहावर होतो तो देह निरोगी असतो. उपचाराने तो रोगी होतो.

या दृष्टीने पाहता निबंधातील एक उपमा विशेष विचारार्ह ठरते. पुनर्विवाहबंदीची चाल ब्राह्मणांपुरती न राहता इतर जातींतही रोगासारखी पसरली आहे, असे लेखिका म्हणते. स्त्रीलाच समाजाची व्याधी समजणाऱ्या काळात ही व्याधी स्त्रीच्या देहातून काढून रूढीच्या ठिकाणी ठेवणे, हे या उपमेचे सामर्थ्य होय. तथापि तिच्यात एक उणीवही आहे. रोगाला कोणी मालक नसतो. तो येतो आणि पसरतो. रूढीला मालक असतात. निबंधात इतरत्र शास्त्रकार, नवरे, वृत्तपत्रकार आणि कादंबरीकार यांना नावानिशी वा जातीनिशी जाब विचारला असल्यामुळे ही उणीव फारशी बाधत नाही; परंतु रूपक आणि युक्तिवाद येथे एकमेकांपासून थोडे दूर जातात, हे नोंदविले पाहिजे.

४

निबंधाची खरी मर्यादा दुसरीकडे आहे. त्याचा रोख प्रामुख्याने घरंदाज घरातील स्त्रीवर आहे. पाटाची चाल असलेल्या कष्टकरी जातींतील स्त्रीचे दुःख पुनर्विवाहबंदीचे नव्हते. वऱ्हाडाच्या काळ्या रानात कापूस वेचणारी स्त्री आजारी पडली तर काय होत असे, याचे उत्तर बुलढाण्यात लिहिलेल्या या निबंधात सापडत नाही.

ते उत्तर सत्तावीस वर्षे आधीच्या एका लहान लेखात सापडते. फुले यांच्या शाळेतील मांग जातीची विद्यार्थिनी मुक्ताबाई हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणाचा उल्लेख आहे. आपल्या जातीच्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसते, थंडीपावसात त्यांचे हाल होतात, आणि बाळंतरोग झालाच तर वैद्याला व औषधाला पैसा कोठून आणावा, असा प्रश्न ती विचारते. मराठी गद्यात आरोग्यसेवेतील विषमतेचा प्रश्न इतक्या नेमकेपणाने त्यापूर्वी क्वचितच मांडला गेला असेल. ताराबाईंची विधवा वैद्याला बोलवू शकत नाही, कारण तिला लाज आणि कायदा आडवे येतात. मुक्ताबाईची बाळंतीण बोलवू शकत नाही, कारण जात आणि दारिद्र्य आडवे येते. एकीला घर आहे पण त्यात तिला आसरा नाही. दुसरीला घराचे छप्परच नाही. हे दोन निबंध एकत्र वाचल्याशिवाय एकोणिसाव्या शतकातील मराठी स्त्रीच्या देहाचा विचार पुरा होत नाही.

ज्या वर्षी ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापली गेली त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री डॉक्टरांची निकड सांगितली. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या, आणि पुढच्याच वर्षी क्षयाने गेल्या. रखमाबाई १८९४ मध्ये लंडनला वैद्यकीय शिक्षण पुरे करून परतल्या आणि स्त्रियांच्या रुग्णालयात अनेक वर्षे काम करीत राहिल्या. ते रुग्णालय सुरतेसच होते. या सुधारणेने लाजेचा अडसर पुष्कळ दूर झाला. मुक्ताबाईने सांगितलेला अडसर त्याने दूर होणार नव्हता. कारण तो रुग्णालयाच्या दाराशी नसून दारापर्यंतच्या वाटेवर होता.

५

एक आक्षेप येथे संभवतो. आजच्या काळातील कल्पना १८८२ च्या निबंधात शोधणे हा कालविपर्यास नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. ताराबाईंनी आरोग्यसेवेवर ग्रंथ लिहिला नाही, आणि लिहिला असे येथे सुचवावयाचेही नाही. परंतु एकाच घटनेला स्त्री आणि पुरुष यांच्या बाबतीत दोन न्याय का, हे विचारण्याची जी पद्धती त्यांनी दिली ती त्या विषयापुरती बांधलेली नाही.

त्यांच्याच जिल्ह्याचे उदाहरण पुरेसे आहे. २००१ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये ८५५ राहिल्या. राज्याचा आकडा याच काळात ९१३ वरून ८९४ वर आला. म्हणजे जिल्ह्याची घसरण राज्याहून कितीतरी अधिक होती. सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान याच जिल्ह्यात आहे, हे सांगताना जिल्ह्यास अभिमान वाटतो; त्या अभिमानाशेजारी हा आकडा ठेवून पाहिला पाहिजे. आणि ही घसरण कायद्याच्या अभावी झाली असेही म्हणता येत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला होता, आणि केंद्राचा कायदा १९९४ चा आहे.

येथे ताराबाईंच्या युक्तिवादापुढे एक नवा प्रश्न उभा राहतो, जो त्यांच्या काळी संभवत नव्हता. सुरतेच्या विधवेपर्यंत वैद्यक पोहोचले नाही, ही तेव्हाची विषमता होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस वैद्यक पोहोचले, परंतु मुलीच्या जन्माआधी आणि तिच्या विरुद्ध. सेवेचा अभाव आणि सेवेचा दुरुपयोग या दोहोंचे मूळ एकच असते, हे ओळखण्यास ‘स्त्रीपुरुषतुलना’ साहाय्य करते. १८८१ मध्ये आरोपीच्या पिंजऱ्यात एकटी स्त्री उभी होती आणि निबंधाने तिच्या मागे असलेल्यांची नावे विचारली. मुलगी नको म्हणणाऱ्या घरातही दोष सुनेच्या कुशीला दिला जातो आणि निर्णय घेणारे मागे राहतात. त्यांची नावे विचारण्याचे काम अद्याप संपलेले नाही. या निबंधाचा अभ्यास त्याच्या गौरवापाशी थांबू नये, याचे कारण तेच होय.