निवड, किनार आणि संदर्भ : शुभा टोळे यांचे संशोधन व रूपकाचा प्रश्न

मज्जाविज्ञानाचे साहित्यसमीक्षेला वाटणारे आकर्षण नवे नाही. व्ही. एस. रामचंद्रन आणि विल्यम हर्स्टाइन यांनी १९९९ साली कलानुभवाचे आठ नियम मांडले आणि त्यासाठी ‘रस’ या संज्ञेचाही आधार घेतला. तेव्हापासून आस्वादाची उपपत्ती मेंदूच्या रचनेत सापडेल, ही अपेक्षा बळावत गेली. या अपेक्षेची परीक्षा करण्यासाठी सौंदर्याविषयी काहीही न बोलणारे संशोधन अधिक उपयोगी ठरते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९९९ पासून शुभा टोळे यांनी केलेले कार्य या प्रकारचे आहे.

टोळे यांचा प्रश्न घडणीचा आहे : भ्रूणावस्थेतील एकसारख्या पेशींमधून मेंदूचे भिन्न प्रदेश कसे आकारतात? २००८ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या भ्रूणातील एलएचएक्स-२ या जनुकाला ‘सिलेक्टर’ म्हटले. हे जनुक असेल तर पेशी प्रमस्तिष्काच्या बाह्यकाची ओळख धारण करतात. प्रारंभीच्या टप्प्यात ते नसेल, तर त्यांतील काही पेशी ‘हेम’ म्हणजे किनार बनतात. ही किनार शेजारच्या पेशींकडून स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस घडवून घेते. ‘ऑर्गनायझर’ ही कल्पना स्पेमान आणि मँगोल्ड यांच्या १९२४ च्या प्रयोगांपासून चालत आलेली आहे. टोळे यांनी सस्तन प्राण्याच्या मेंदूत तिला नेमके स्थान दाखवून दिले. २०१० चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि २०१४ चा इन्फोसिस पुरस्कार ही या कार्याच्या मान्यतेची ठळक गमके होत.

समीक्षकाचे लक्ष येथील शब्दांकडे जाते. निवड, किनार, संघटक ही सारी रूपके आहेत. त्यांतील ‘निवड’ हे रूपक फसवे आहे, कारण ते जनुकाला कर्तेपण बहाल करते. परंतु संशोधन पुढे सरकते तसे हे कर्तेपण विरघळते. २०११ च्या शोधनिबंधात हेच जनुक विकसनशील हिप्पोकॅम्पसमध्ये वेगळे कार्य करताना दिसते : तेथे ते चेतापेशींच्या निर्मितीस चालना देते व तारकापेशींची निर्मिती रोखते. जनुक एकच असले तरी काळ आणि स्थान बदलताच त्याचा ‘अर्थ’ बदलतो.

मम्मटाने आर्थी व्यंजनेच्या विवेचनात वक्ता, श्रोता, प्रकरण, देश, काल यांची गणना केली आहे, तिचे स्मरण येथे होणे स्वाभाविक आहे. मात्र या साम्याला पुरावा मानणे ही कोटिभ्रांती होईल. पेशीला संदर्भ ‘कळत’ नाही. ती रासायनिक संकेतांना प्रतिसाद देते. सहृदयाला संदर्भ कळतो, आणि तो नाकारताही येतो. व्यंजनेचा विचार या फरकावरच उभा आहे. म्हणून या संशोधनाने ध्वनिसिद्धान्त सिद्धही होत नाही आणि बाधितही होत नाही. त्याचा समीक्षेवरील खरा संस्कार पद्धतीचा आहे : एखाद्या घटकाचे कार्य ठरवायचे तर तो कोठे, केव्हा आणि कोणाच्या सान्निध्यात आहे, हे आधी तपासले पाहिजे.

जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावी मराठीतून साहित्यशास्त्र शिकणाऱ्यापर्यंत हे ज्ञान पोचते ते बहुधा इंग्रजीतून आणि पारितोषिकांच्या बातम्यांतून. त्यामुळे रूपक हाती येते, त्यामागचा प्रयोग मात्र दूरच राहतो. अशा स्थितीत ‘मेंदूतच रस आहे’ यासारखी विधाने सिद्धान्ताच्या थाटात वावरू लागतात. विज्ञानाची रूपके त्यांच्या प्रयोगांसह मराठीत आणणे हे समीक्षेचेही काम आहे. ते झाले नाही, तर समीक्षेच्या पदरी विज्ञानाचा केवळ अधिकार पडेल, त्याची शिस्त पडणार नाही.